दिवाळी अंकातील घरगुती कथा : समेट, प्रेम आणि वाचनाचा आनंद

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

- सणाच्या निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या घरगुती कथेची परंपरा सांगता येईल.
- दिवाळीतील विधी कथानकाला कसा आकार देतात, हे स्पष्ट करता येईल.
- अशा कथेचा शेवट आधीच कळत असूनही ती आनंद का देते, हे सांगता येईल.
- खरा समेट आणि वरवरचा समेट यांतील फरक ओळखता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीतली एक दुपार आठवा. फराळ झालेला असतो, घरातली मोठी माणसे आडवी झालेली असतात आणि तुमच्या हातात एक जाडजूड दिवाळी अंक असतो. त्यातली एक कथा तुम्ही काढता. दोन भाऊ बोलत नाहीत, किंवा मुलीने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून घर तुटले आहे. शेजारी कुठेतरी एक प्रेमकथाही हळूहळू फुलते आहे. दुसऱ्या पानावरच तुम्हाला कळते की शेवटी सगळे एकत्र येणार. तरीही तुम्ही कथा खाली ठेवत नाही. शेवटी डोळ्यांत पाणी येते आणि कोणी पाहू नये म्हणून तुम्ही अंक जरा वर धरता.

अशा कथांना अभ्यासक्रमात फारशी जागा मिळत नाही. 'रंजनपर', 'गोडगोड', 'बायकांच्या मासिकातली' अशी विशेषणे लावून त्या बाजूला ठेवल्या जातात. या पाठात आपण त्या बाजूला ठेवणार नाही. त्या आनंद कशाने देतात हे पाहू आणि मग एक अवघड प्रश्न विचारू : कथेत घर पुन्हा एक होते, तेव्हा त्याची किंमत कोण देते?

२. सणाची कथा कुठून आली?

सणाच्या वेळी वाचायची म्हणून खास कथा लिहिण्याची प्रथा छापील नियतकालिकांबरोबर वाढली. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ रोजी, म्हणजे नाताळच्या तोंडावर प्रसिद्ध झाले. कंजूष स्क्रूज आपल्या भाच्याचे जेवणाचे आमंत्रण धुडकावतो. एका रात्रीत त्याला आपले गेलेले आणि येणारे आयुष्य दिसते आणि नाताळच्या दिवशी तो स्वतः चालत भाच्याच्या दारी जातो. पुढे डिकन्सने आपल्या नियतकालिकांचे खास नाताळ अंक काढले आणि तिथली इतर नियतकालिकेही तसे अंक काढू लागली.

मराठीत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' मासिक सुरू केले. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९०९ मध्ये त्यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तोच मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. पुढे 'किर्लोस्कर' (१९२०), 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही किर्लोस्कर समूहाची मासिके, नंतरच्या काळात 'माहेर', 'मेनका' यांसारखी मासिके, यांच्या दिवाळी अंकांतून घरगुती कथेला मोठा वाचक मिळाला. दिवाळी अंकात वैचारिक लेख, कविता, व्यंगचित्रे, राशिभविष्य असे सगळेच असते. आपण मात्र त्यातल्या एकाच प्रकाराकडे पाहणार आहोत : ज्या कथेत घरातला दुरावा मिटतो आणि सोबत एखादे प्रेम जुळते.

३. दिवाळीचे विधी कथानक कसे देतात?

नाताळची कथा दिवाळीत आणली म्हणजे केवळ दिव्यांची जागा बदलली, असे नाही. दिवाळीच्या चार-पाच दिवसांत प्रत्येक नात्याला एक ठरलेले काम असते आणि तिथेच मराठी लेखकाला कथेचा सांगाडा मिळतो.

- नरक चतुर्दशी : पहाटेचे अभ्यंगस्नान. त्यासाठी माणूस आदल्या रात्री घरी मुक्कामाला असावा लागतो. म्हणजे ज्याला यायचे आहे त्याला रात्रभर त्या घरात राहावे लागते.
- पाडवा : पत्नी पतीला ओवाळते. अबोला असलेल्या जोडप्याला या दिवशी समोरासमोर बसावे लागते.
- दिवाळसण : लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई सासरी येतो. मनाविरुद्ध झालेल्या लग्नाची परीक्षा इथे होते : जावयाला बोलावणार की नाही?
- भाऊबीज : बहीण भावाला ओवाळते. यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवायला गेला, ही या दिवसामागची कथा. लक्षात घ्या, या कथेत भाऊ बहिणीकडे जातो.

एरवी दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना टाळू शकतात. सण त्यांना टाळू देत नाही. जे आले नाहीत त्यांची रिकामी जागाही सणालाच दिसते : मांडलेला पण न वापरलेला पाट, जास्तीचे काढलेले उटणे. म्हणून या कथांत लेखकाला योगायोगांची फार गरज पडत नाही. तारीखच पात्रांना घराच्या दाराशी आणून उभी करते.

४. नमुना कथा : रसमडा

पुढील विवेचनासाठी आपण एक काल्पनिक कथा घेऊ. ती मुद्दाम महाराष्ट्राबाहेर ठेवली आहे. छत्तीसगडमध्ये मराठी घरे बरीच आहेत. अठराव्या शतकात या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच राज्यात होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. त्याच सुमारास भिलाईला पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि देशभरातून माणसे तिथे कामाला आली. भिलाईला लागून दुर्ग आहे. दुर्गहून नागपूरकडे निघालेली गाडी राजनांदगावला पोहोचण्याआधी रसमडा हे छोटे स्टेशन लागते. आसपास कारखान्यांची वसाहत आहे.

आता कथा.

रसमड्याला एक मराठी घर आहे. वडील भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झाले, इथे घर बांधले आणि दोन वर्षांपूर्वी वारले. घरात आई, दादा, वहिनी आणि दुर्गच्या कॉलेजात शिकणारी धाकटी. ताई राजनांदगावला असते. तिने सात वर्षांपूर्वी एका छत्तीसगढी मुलाशी लग्न केले. दादा लग्नाला गेला नाही. "मला आता एकच बहीण," एवढेच तो म्हणाला.

ताई घर सोडून गेली तेव्हा तिच्या सामानात चुकून एक वस्तू गेली : चकलीच्या सोऱ्याची चकती. पितळी सोऱ्या रसमड्याला राहिला, चकती राजनांदगावला. तेव्हापासून या घरात दिवाळीला चकली होत नाही. शेव होते. हाताने वळलेली कडबोळी होतात. दुर्गच्या बाजारात नवा सोऱ्या सहज मिळतो, पण आई तो आणू देत नाही. शेजारणींनी विचारले तर म्हणते, "यंदा भाजणीच जमली नाही." सात वर्षे भाजणी जमलेली नाही.

या वर्षी वसुबारसेच्या दिवशी आई धाकटीला पॅसेंजरने राजनांदगावला पाठवते. "चकती घेऊन ये. बाकी काही बोलू नकोस." ताई चकती काढून देते. ती धुऊनपुसून फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते, म्हणजे ताईनेही ती वापरलेली नसते. ताईची पाच वर्षांची मुलगी हिंदी आणि छत्तीसगढी बोलते. मराठीतला एकच शब्द तिला येतो : आजी. परत येताना धाकटीला स्टेशनवर सोडायला ताईच्या दिराचा मित्र येतो. तो शाळेत शिक्षक आहे आणि तोही मराठी नाही. तो आणि धाकटी एकमेकांना कॉलेजच्या ग्रंथालयापासून ओळखतात, हे वाचकाला इथे कळते. गाडी अर्धा तास उशिरा आहे. दोघांनाही ते बरे वाटते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दादा कामावरून येतो. ताटात चकली असते. तो तिच्याकडे बघतो आणि काही न बोलता एक तुकडा मोडतो.

इथे आपण थांबू. पुढचा शेवट सातव्या भागात पाहायचा आहे.

५. कथेची पाच पावले

भारतीय नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. त्या नाटकासाठी असल्या तरी या कथेला सहज लागू पडतात.

१. आरंभ : आईची इच्छा. ती मुलगी परत यावी असे म्हणत नाही, चकती हवी म्हणते.
२. यत्न : धाकटीचा राजनांदगावचा प्रवास.
३. प्राप्त्याशा : गुंडाळून ठेवलेली चकती दिसते. दुसऱ्या बाजूलाही ओढ आहे, हे कळते आणि आशा निर्माण होते.
४. नियताप्ती : ताटातली चकली. गोष्ट दादापर्यंत पोहोचली. आता फक्त त्याचाच अडसर उरला.
५. फलागम : भेट.

दोन गोष्टी पाहा. पहिली, चकती ही इथे *अभिज्ञान* म्हणजे खूण आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'त अंगठी सापडते तेव्हा दुष्यंताला सगळे आठवते. घरगुती कथेत अंगठीची जागा स्वयंपाकघरातली वस्तू घेते. अशा कथांतील फराळ, रांगोळी, उटण्याचा वास हे केवळ वातावरण असेल तर ते सजावट ठरते. त्याच्यावर नात्याचा भार असेल तर ते कथानक होते.

दुसरी, प्रेमकथा ही वेगळी कथा नाही. दादाने ताईचे लग्न स्वीकारले तरच धाकटी आपल्या मनातले बोलू शकते. एकाच गाठीत दोन धागे अडकले आहेत. चांगल्या कथेत प्रेम आणि समेट असे एकमेकांवर अवलंबून असतात. कमजोर कथेत प्रेमकथा नुसती शेजारी चालते आणि शेवटच्या परिच्छेदात तिला होकार मिळतो.

६. शेवट माहीत असून आनंद कसा?

'पुढे काय होणार?' या प्रश्नावर रहस्यकथा चालते. घरगुती कथेत तो प्रश्न जवळजवळ नसतोच. तिथे प्रश्न असतो : 'हे होणार कसे?' दादा इतका ताठ आहे, तो वाकणार कसा? ताईला इतके लागले आहे, ती दार उघडणार कशी? शेवटाची खात्री असल्यामुळेच वाचक निवांत होतो आणि त्याचे लक्ष बारकाव्यांकडे जाते : आईचे "भाजणी जमली नाही" हे वाक्य, गाडी उशिरा आल्याचा आनंद. कीर्तन ऐकायला बसलेल्या श्रोत्यांना आख्यान ठाऊकच असते. बुवा ते कसे सांगतात, हे ऐकायला ते येतात. तसेच हे आहे.

दुसरे कारण नॉर्थ्रॉप फ्राय या कॅनेडियन समीक्षकाच्या विवेचनात सापडते. 'ॲनॅटॉमी ऑफ क्रिटिसिझम' (१९५७) या ग्रंथात तो म्हणतो की सुखात्मिकेच्या शेवटी एक नवा समाज जमतो, बहुधा लग्नाच्या किंवा मेजवानीच्या निमित्ताने, आणि त्यात शक्य तितक्यांना सामावून घेतले जाते. आडवे आलेल्यांनाही सहसा हाकलले जात नाही, त्यांनाही पंगतीत पाट मिळतो. दिवाळी कथेतील शेवटची पंगत ती हीच. जो तो आपल्या जागी बसला, हे पाहण्याचे समाधान जुने आहे आणि ते खरे आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

तिसरे कारण वाचण्याच्या वेळेशी संबंधित आहे. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या पुस्तकासाठी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. कादंबरीत काय आहे, याइतकेच वाचण्याची कृती त्या स्त्रियांना महत्त्वाची वाटत होती. दिवसभर इतरांचे करणाऱ्या बाईने पुस्तक उघडले की तेवढा वेळ तिचा स्वतःचा होई. चार दिवस फराळ करून थकलेल्या आपल्याकडच्या बाईने दुपारी दिवाळी अंक हातात घेणे, यालाही हा अर्थ आहे. मात्र रॅडवे पुढे असेही दाखवतात की त्या कथा वाचकाला पुन्हा त्याच व्यवस्थेत समाधानाने नेऊन बसवतात. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

७. गाठींचे तीन प्रकार

घर तुटले आहे, एवढे म्हणून चालत नाही. ते *कशाने* तुटले, हे पाहिले पाहिजे. कारण गाठ जशी, तशी तिची उकल.

(अ) गैरसमजाची गाठ. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' (१९१६) हे याचे उत्तम उदाहरण. एक तसबीर भलत्याच हाती पडते आणि फाल्गुनराव-कृत्तिका, अश्विनशेट-रेवती अशी दोन्ही जोडपी एकमेकांवर संशय घेत सुटतात. इथे कोणी कोणावर खरा अन्याय केलेला नाही. माहिती मिळाली की गाठ सुटते आणि उरते हसू. अशा कथेत कोणी कसली किंमत दिली नाही तरी चालते.

(आ) अन्यायाची गाठ. इथे एकाने दुसऱ्याला खरोखर दुखावलेले असते. माहिती मिळून भागत नाही, काहीतरी *करावे* लागते. छत्तीसगडमधलेच उदाहरण घ्या. मराठी कुटुंबात जन्मलेले आणि टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. त्यात १९०१ मध्ये त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. हिंदीतील सुरुवातीच्या लघुकथांत तिची गणना होते. जमीनदाराने एका विधवेची झोपडी बळकावलेली असते. ती तिथली टोपलीभर माती न्यायला येते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याच्याने ती उचलत नाही. एवढ्या मातीचा भार पेलत नाही, तर सगळ्या झोपडीचा भार जन्मभर कसा पेलेल, हा तिचा प्रश्न त्याला लागतो. तो क्षमा मागतो आणि *झोपडी परत देतो*. नुसता रडून थांबत नाही.

स्क्रूज आठवा : तो स्वतः भाच्याच्या दारी जातो आणि आपल्या कारकुनाचा पगार वाढवतो. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात राजा दुष्यंत शकुंतलेच्या पाया पडतो. काळ, भाषा, धर्म वेगवेगळे. पण एक गोष्ट समान आहे : ज्याने चूक केली, तोच उठून चालत जातो.

(इ) व्यवस्थेची गाठ. काही घरे एका माणसाच्या स्वभावामुळे तुटत नाहीत. जमीन, पैसा, जात, बाईचे स्थान यांनी ती आतून पोखरलेली असतात. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकाची सुरुवात दिवाळी कथेसारखीच आहे : विदर्भातल्या जुन्या वाड्यात सगळे एकत्र जमतात, मुंबईचा मुलगा सहकुटुंब येतो. निमित्त मात्र वडिलांच्या मृत्यूचे आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे, पैसा संपला आहे, घरच्या मुलीचे शिक्षण घरानेच अडवले आहे. माणसांत माया आहे, तरी ती वाड्याला वाचवू शकत नाही. अशा गाठीवर कथेने एका पंगतीत उत्तर दिले, तर वाचकाला काहीतरी खोटे वाटते आणि ते योग्यच आहे.

आता आपली रसमड्याची कथा. दादा आणि ताई यांच्यात गैरसमज नाही. ताईने लग्न केले आणि दादाने तिला तोडले, हे दोघांनाही नीट माहीत आहे. म्हणजे गाठ दुसऱ्या प्रकारची आहे. हे ध्यानात ठेवून दोन शेवट पाहा.

*पहिला शेवट.* पाडव्याच्या संध्याकाळी ताई मुलीला घेऊन रसमड्याला येते. दादाच्या पाया पडते. "चुकलं माझं, दादा." दादा तिला जवळ घेतो. वहिनी नवी साडी आणून देते. आई डोळे पुसते. धाकटीच्या शिक्षकाचेही कोणीतरी नाव काढते आणि सगळे हसतात.

*दुसरा शेवट.* भाऊबीजेच्या सकाळी दादा चकल्यांचा डबा पिशवीत घालतो आणि कोणाला न सांगता पॅसेंजर पकडतो. राजनांदगावला ताईचे दार तिची मुलगी उघडते. ती त्याला ओळखत नाही. विचारते, "आप कौन?" सात वर्षे नाकारलेली गोष्ट दादाला आता एका लहान मुलीसमोर स्वतःच्या तोंडाने म्हणावी लागते : "मैं तुम्हारा मामा." ताई आतून येते. पाट मांडते. ओवाळण्याआधी दादा म्हणतो, "मी यायला हवं होतं गं. हिच्या बारशाला तरी." ताई माफ केले असे म्हणत नाही. "आधी जेवून घे," म्हणते. संध्याकाळी ती धाकटीला फोन करते : "दादा इथे आहे. तुला जे सांगायचंय ते आता तू त्याला सांग."

दोन्ही शेवट सुखाचे आहेत. दोन्हींत घर एक होते. मग दुसरा अधिक का पटतो? पहिल्यात ज्याने तोडले तो जागेवर बसून राहतो आणि जिला तोडले ती चालत येऊन माफी मागते. सुखाची किंमत चुकीच्या माणसाकडून वसूल केली जाते. दुसऱ्यात दादा प्रवास करतो, स्वतःची ओळख स्वतः सांगतो, चूक नेमकी कोणती ते बोलतो. ताईला लगेच विरघळण्याची सक्ती नाही. शिवाय दुसरा शेवट सणाच्या मूळ अर्थाशीही जुळतो : यमच यमुनेकडे गेला होता.

८. पिशवीत आणखी काय आहे?

आता दुसऱ्या शेवटात एक छोटा बदल करा. दादाच्या पिशवीत चकल्यांच्या डब्याबरोबर एक कागदही आहे : वडिलांच्या घरावरचे हक्कसोडपत्र. जेवण झाल्यावर तो ते पुढे करतो, "इथे फक्त सही हवी."

एका कागदाने कथेची जात बदलली. दादाचे येणे, माफी, "मैं तुम्हारा मामा", सगळ्यावर शंका आली. गाठ दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात गेली.

हा बदल केवळ कथेपुरता नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच आहे. तरीही भावाचे घर आणि माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, हे आपण आसपास पाहतो. भाऊबीजेला साडी मिळते आणि हिस्सा जातो. ओवाळणीच्या कथेने ही बाजू कायमची झाकून ठेवली, तर ती कथा गोड असूनही कोणाच्या तरी विरोधात उभी असते.

मराठीत हा प्रश्न नवा नाही. १९३३ मध्ये मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केले. सुशिक्षित, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातली घुसमट त्यात आली आणि मोठी खळबळ झाली. त्याच काळात ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) यांसारख्या प्रेमकादंबऱ्या वाचकांच्या आवडत्या होत्या. एकाच पिढीचे वाचक दोन्ही वाचत होते. प्रेमकथा आवडणे आणि तिच्या मर्यादा दिसणे, या गोष्टी एकाच वाचकात राहू शकतात. तुम्हीही यातली एकच निवडण्याची गरज नाही.

९. अशी कथा कशी वाचावी?

पहिल्यांदा कथा मनमोकळेपणाने वाचा. रडू आले तर येऊ द्या. आनंद घेतल्याशिवाय केलेली चिकित्सा कोरडी होते. मग दुसऱ्या वाचनात हे चार प्रश्न विचारा.

१. गाठ कोणत्या प्रकारची आहे? गैरसमज, अन्याय की व्यवस्था?
२. कोण चालत जाते? शेवटच्या भेटीसाठी कोणाला हलावे लागले आणि कोण जागेवरच राहिले?
३. वस्तू काय काम करते? फराळ, दागिना, पत्र, घर यांपैकी काय कथेला पुढे नेते आणि काय नुसती शोभा आहे?
४. कोणाबद्दल कथा गप्प आहे? आपल्या नमुना कथेत वहिनीला एकही वाक्य नाही. सात वर्षे तिला काय वाटत होते? भाजणी तर तीच दळून आणत असणार. ताईच्या नवऱ्याचेही नाव कोणी काढलेले नाही.

चौथा प्रश्न आमच्या कथेवरही लागू होतो, हे तुमच्या लक्षात आले असेल. तसेच करायचे आहे.

१०. सारांश

नाताळ अंकांच्या धर्तीवर १९०९ मध्ये मराठीत दिवाळी अंक सुरू झाला. घरगुती कथेला मात्र खरा आकार दिवाळीच्या विधींनी दिला, कारण ते नात्यांना समोरासमोर आणतात. या कथांचा आनंद शेवट काय यात नसून तो कसा येतो यात आहे. सगळ्यांना पंगतीत जागा मिळण्यात आहे आणि वाचकाला स्वतःचा वेळ मिळण्यातही आहे. समेट पटतो तो मात्र तेव्हाच, जेव्हा त्याची किंमत चूक करणारा देतो. जी गाठ व्यवस्थेची आहे, ती पाटावर बसून सुटत नाही. हे मान्य करणारी कथाही दिवाळीत वाचता येते.

स्वाध्याय

*थोडक्यात उत्तरे लिहा.*

१. दिवाळीतील कोणतेही दोन विधी घेऊन ते कथानकाला कशी मदत करतात, ते लिहा.
२. 'अभिज्ञान' म्हणजे काय? नमुना कथेतील अभिज्ञान कोणते?
३. 'एक टोकरी भर मिट्टी' या कथेतील समेट नुसत्या पश्चात्तापावर का थांबत नाही?

*सविस्तर उत्तरे लिहा.*

४. 'संगीत संशयकल्लोळ' आणि 'वाडा चिरेबंदी' यांतील गाठींची तुलना करा.
५. नमुना कथेचा पहिला शेवटच अधिक योग्य आहे, अशी बाजू मांडा. ताईच्या दृष्टीने विचार करा : माहेर हवे असणारी बाई आपणहून पहिले पाऊल टाकते, यात तिचे काही बळ असू शकते का?

*उपक्रम*

६. घरातील किंवा ग्रंथालयातील एखाद्या जुन्या दिवाळी अंकातून समेटाची एक कथा निवडा. भाग ९ मधील चार प्रश्नांची उत्तरे लिहा. मग ती कथा घरातील वयाने मोठ्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि शेवट पटला का, ते विचारा. तुमचे उत्तर आणि त्यांचे उत्तर वेगळे आले, तर का, याची दहा ओळींत नोंद करा.
७. नमुना कथेतील लक्ष्मीपूजनाची रात्र वहिनीच्या तोंडून सांगा. मर्यादा : ३०० शब्द.